बारंगुळ्यांची लाईट

ढवळे मॅडमनी पिशवीतून जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला बल्ब बाहेर काढला, तेव्हा मला हसू आवरेना. शंभर वॅटचा पिवळा बल्ब, काळा होल्डर आणि दोन हात वायर. असला बल्ब मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"हे काय, मॅडम?"

"टेस्ट लॅम्प."

"माझ्याकडं डिजिटल मीटर आहे. पॉइंटनंतरचे दोन आकडे दाखवतं."

"असू दे. चांगलं असेल," मॅडम म्हणाल्या, आणि बल्ब फुंकर मारून पुसू लागल्या.

बार्शीतल्या त्या गल्लीत एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. प्रमिलाताई खटावकरांच्या दारात अर्धी गल्ली जमली होती. प्रमिलाताई म्हणजे निवृत्त नर्स. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली, घरात एकट्या. त्यांच्या गच्चीवर मी सोलर बसवलं होतं आणि आज वीज कंपनीची तपासणी होती. छतावरची वीज घरात वापरायची आणि उरलेली खांबावरच्या लाईनवर सोडायची, असं हे काम. कंपनीचा इंजिनियर येऊन बघतो, पास म्हणतो, मग जुनं मीटर काढून दोन्हीकडची वीज मोजणारं नवं मीटर बसतं. तोवर गच्चीवरचं सगळं नुसतं शोभेला.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि माझ्याइतकं सोलर आख्ख्या तालुक्यात कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो होतो. शीतलला, म्हणजे माझ्या बायकोला, सहा महिन्यांचा शब्द दिला होता. सहा महिन्यांत धंदा उभा राहिला नाही तर मुकाट्यानं पुण्याला परत. त्यातले पाच महिने संपले होते आणि माझ्या नावावर घर होतं हे एकच. गल्लीतली आणखी अकरा घरं तयार होती, पण सगळ्यांचं म्हणणं एक, "आधी प्रमिलाताईंचं पास होऊ दे, मग बघू." ते बघायलाच सगळे आले होते.

त्यामुळं मी सकाळी आठलाच येऊन घर डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. छतावरची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर पुसून तपासणीसाठी चालू केला, वायरी पुन्हा क्लिपात बसवल्या. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं एक जुना काळा खटका होता आणि त्यावरचा लाल ठिपका पेटलेला होता. बसवायच्या दिवसांत तो मी विझलेलाच पाहिला होता. मी बंद करायला हात पुढं केला, तर प्रमिलाताई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "राहू दे रे, योगीराज. ती बारंगुळ्यांची लाईट आहे."

बारंगुळे म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. दोन्ही घरांच्या मधल्या बोळात एक दिवा होता. त्याचा खटका इकडं असेल आणि तो दिवसासुद्धा जळत असेल, जळू दे बापडा, असं म्हणून मी हात मागं घेतला आणि चहा प्यालो. पुढं जे सगळं घडलं, त्याचं मूळ ह्या चहात होतं.

ढवळे मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा. आवाज इतका हळू की कान द्यावा लागायचा. त्यांनी गच्चीवर जाऊन एकेक नट हातानं हलवून पाहिला. अर्थिंगच्या खड्ड्याशी उकिडव्या बसून त्यात पाणी ओतलं आणि ते किती वेळात जिरतं हे घड्याळ लावून बघितलं. माझी फाईल वाचली, तीही सगळी. फाईल कुणी सगळी वाचत नाही. मी घड्याळाकडं बघत होतो.

त्यांच्याबरोबर नागटिळक नावाचे लाईनमन होते. साठीला टेकलेले, काटक. खांबावरून घरापर्यंत येणारी जुनी वायर कुजली होती, ती वर चढून बदलायची होती. खांबाला माणसाच्या उंचीवर फ्यूजची पेटी होती. तिच्यातला प्रमिलाताईंच्या घराचा फ्यूज नागटिळकांनी काढला आणि शिडी खांबाला लावली. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. पण मला घाई होती.

"मामा, फ्यूज काढलाच आहे, तर चढून घ्या की," मी म्हणालो. "मॅडमचं वाचून होईपर्यंत वायर बदलून होईल."

नागटिळकांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम फाईलच्या शेवटच्या पानावर होत्या. मामांनी एक पाय शिडीवर ठेवला.

"मामा, खाली."

एवढंच. आवाज नेहमीएवढाच होता. पण नागटिळकांनी पाय असा काढून घेतला की शिडी तापलेली आहे असं वाटावं.

मॅडम पेटीशी गेल्या. घराकडं जाणाऱ्या वायरीला बल्बची एक तार लावली, दुसरी न्यूट्रलला. फ्यूज काढलेला. म्हणजे त्या वायरीत काही असायचं कारणच नव्हतं. खांबावरची लाईट गेली की माझ्या इन्व्हर्टरनं दोन सेकंदांत थांबायचं, ही सोलरची पहिली अट. नाही थांबला, तर छतावरची वीज उलटी खांबाकडं जाते. हे मला तोंडपाठ होतं.

बल्ब पेटला. भर दुपारी, उन्हात, सगळ्या गल्लीसमोर झगझगीत पेटला.

कुणीतरी मागून म्हणालं, "अरे वा, लागला की!" आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं पास झालं.

"तुमचा इन्व्हर्टर थांबत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"शक्यच नाही, मॅडम. बसवला त्या दिवशी मी मेन स्विच पाडून बघितलाय, लगेच थांबला होता. कंपनीचं सर्टिफिकेट आहे फाईलला."

"बघितलं मी. सर्टिफिकेटातला थांबतो. हा चालू आहे."

मी धावत आत गेलो. इन्व्हर्टर खरंच चालू होता, हिरवा दिवा लावून मजेत बसला होता. स्वयंपाकघरातला पंखा फिरत होता. फ्यूज खांबावरून काढलेला, तरी घराला पत्ताच नाही. मी इन्व्हर्टर बंद केला, चालू केला. दोन मिनिटांत त्यानं पुन्हा हिरवा दिवा लावला. बाहेर येऊन बघतो तर अकरा घरांतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली होती. त्यांना तांत्रिक काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता.

मॅडमना तिथं नापास लिहून निघता आलं असतं. फॉर्ममध्ये तसा चौकोनच असतो. एक टिकमार्क, की पुढची तारीख दीड महिन्यानं. माझे सहा महिने तिथंच संपले असते. मॅडमनी फॉर्म पिशवीत ठेवला, दारातल्या पायरीवर बसल्या आणि प्रमिलाताईंकडं पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर तांब्या खाली ठेवत त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडं लाईट गेली की तुम्ही काय करता?"

मला वाटलं, ही बाई आता गप्पा मारायला बसली.

"काय करायचं?" प्रमिलाताई म्हणाल्या. "पूर्वी बसायचो अंधारात. आता नाही बसत. आमची गेली की बारंगुळ्यांची घेते."

"घेता म्हणजे?"

"खटका आहे की आत. परवा आमचा फ्यूज उडाला ना, तेव्हा घेतली. रात्रभर पंखा चालला."

"मग तुमची लाईट आल्यावर खटका बंद केला?"

प्रमिलाताईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. दुपारी झोपले होते मी. कधी आली कळलंच नाही."

मी पायरीवरच बसलो. सकाळचा चहा आठवला. बारंगुळ्यांची लाईट. बोळातला दिवा नव्हता तो. ती बारंगुळ्यांची वीज होती, त्यांच्या मीटरवरून भिंतीतून येणारी, पिठाच्या डब्यामागून प्रमिलाताईंच्या घरभर पसरलेली. आपण दिव्यालाही लाईट म्हणतो आणि करंटलाही लाईटच म्हणतो. मी जन्मभर हेच बोलत आलो होतो, आणि कोणती लाईट एवढं एक विचारायला मला सुचलं नव्हतं.

दोन्ही घरं एकाच फेजवर, म्हणजे खांबावरच्या एकाच तारेवर होती, म्हणून दोन दिवस कुणाला काही जाणवलं नाही. खांबावरून प्रमिलाताईंची लाईट तोडली तरी भिंतीतून बारंगुळ्यांची येतच होती. माझ्या इन्व्हर्टरला वाटत होतं, लाईट आहे, मग कशाला थांबा? आणि तो इमानदारीनं वीज करून बाहेर सोडत होता. जी वायर मेलेली समजून नागटिळक चढणार होते, त्या वायरीत. आणि चढा म्हणणारा मी होतो.

बारंगुळे अण्णांना बोलावलं. शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेला माणूस, ऐंशीच्या घरातला, ऐकायला कमी. त्यांना वाटलं वीज चोरली म्हणून पकडायला आलेत.

"म्या लावलीय ती, म्या!" ते मोठ्यानं म्हणाले. "हिच्या मालकाला कफ काढायचं मशीन होतं. ह्यांचा फ्यूज सारखा उडायचा. मशीन बंद पडलं की त्या माणसाचा जीव घुसमटायचा. मग भिंतीला भोक पाडलं आन दिली लाईट. त्यात गुन्हा काय हाय?"

"गुन्हा नाही, अण्णा," मॅडम त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. "पण ती काढायला लागेल."

"मुळीच नाही," प्रमिलाताई मध्येच म्हणाल्या. एरवी मऊ बोलणारी बाई, पण दवाखान्यात डॉक्टरला गप्प करत असेल तो आवाज निघाला. "ह्या वायरीवर माझा माणूस तीन महिने जास्त जगलाय. तिच्यामुळं सोलर होत नसेल तर नको मला सोलर. योगीराज, तुझं सामान उतरवून घेऊन जा."

मी मॅडमकडं बघितलं. माझा सगळा संसार गच्चीवरून खाली उतरताना मला दिसत होता, आणि प्रमिलाताईंना चूक म्हणायचं धाडस होत नव्हतं.

मॅडमनी वाद घातला नाही. अण्णांच्या दंडाला धरून त्यांना खांबाजवळ नेलं. मला खटका तसाच ठेवायला सांगितला आणि बल्ब पुन्हा लावला. तो पुन्हा तसाच पेटला.

"अण्णा, ह्या घराचा फ्यूज हा बघा माझ्या हातात आहे. तरी बल्ब कशावर पेटला?"

मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी वायर घरापर्यंत नजरेनं नेली, भिंतीतून आपल्या घरात नेली आणि परत खांबावर आणली.

"माझ्या लाईटीवर," ते म्हणाले.

"आणि वर हे चढणार होते."

अण्णांनी नागटिळकांकडं बघितलं. शिडी धरलेल्या त्यांच्या हाताकडं बघितलं. मग घरात गेले आणि पक्कड घेऊन आले. आधी आपल्या घरचा मेन बंद केला, मग प्रमिलाताईंच्या स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा बाजूला सारला, खटका खोलला आणि स्वतः लावलेली वायर स्वतः तोडली. भिंतीतून ओढून तिचं व्यवस्थित वेटोळं केलं. प्रमिलाताई दाराला टेकून उभ्या होत्या. पदर तोंडाशी होता.

"अण्णा, आता माझी लाईट गेली तर?"

"हाक मार की."

"तुम्हाला ऐकू कुठं येतं?"

"मग भिंतीवर मुसळ आपट. भोक ठेवलंय तसंच, बुजवत न्हाई," अण्णा म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले.

दुसरी चाचणी झाली. इन्व्हर्टर दीड सेकंदात थांबला. पंखा मंदावून उभा राहिला. पेटीपाशी मॅडमनी बल्ब लावला, तो पेटला नाही. त्यांनी बल्ब काढून पेटीतल्या दुसऱ्या घराच्या फ्यूजवर लावून बघितला, तिथं पेटला. म्हणजे बल्ब शाबूत होता. पुन्हा आपल्या वायरीला लावला. अंधार.

"झालं," मी म्हणालो. "चढा मामा."

नागटिळक हलले नाहीत. ते कशाची तरी वाट बघत होते. मॅडमनी चष्मा वर सरकवला, उजव्या हातातली बांगडी मागं सारली आणि त्या उघड्या वायरीला स्वतःच्या हाताची मागची बाजू लावली. पालथा हात. क्षणभर तसाच ठेवला. मग बाजूला होऊन म्हणाल्या, "चढा."

नागटिळक वर असेपर्यंत मॅडम शिडीच्या पायथ्याशी, उन्हात, मान वर करून उभ्या होत्या. प्रमिलाताईंनी खुर्ची आणून ठेवली, त्या बसल्या नाहीत. कुणी काही विचारलं तर वरची नजर न हलवता उत्तर देत होत्या. मामांचे दोन्ही पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांनी पदरानं मान पुसली आणि आत मीटरकडं गेल्या.

मी मामांना पाण्याची बाटली दिली. "मामा, बल्ब लागला नव्हता. मग मॅडमनी हात कशाला लावला?"

"सवय हाय त्यांची. मला चढवायच्या आधी लावत्यात."

"आणि पालथा का?"

"सुलटा हात लावला आन करंट असला, तर मूठ मिटती. वायर सुटत न्हाई. पालथा असला की हात झटकून मागं येतो." त्यांनी आपला उजवा हात उलटा करून बघितला. "माझा मागं आला. दोन बोटांवर भागलं."

"कधी?"

"सोळा वर्सं झाली. मंगल कार्यालयाचं जनरेटर उलटं मारत होतं लाईनीत. म्या खांबावर चढनार होतो. खालनं फोन केला, लाईन बंद हाय का म्हणून. हापिसातनं मॅडम म्हनल्या, बंद हाय, चढा. नवीन होत्या. कागदावर बंदच होती की."

मी दारातून बघितलं. आत मॅडम वाकून नवं मीटर बसायची भिंतीवरची जागा बघत होत्या.

"म्हणजे ह्याच?"

"ह्याच."

"मग तुम्ही बदली नाही मागितली?"

"मागितली की," नागटिळक म्हणाले. बाटली रिकामी करून त्यांनी झाकण लावलं. "दोनदा मागितली. त्यांची बदली जिकडं झाली तिकडं. आता ह्या बाईइतकं बघून वर चढवनारं दुसरं कोन गावायचं मला?"

मॅडम बाहेर आल्या, एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला, बल्ब चिंधीत गुंडाळून पिशवीत ठेवला आणि नागटिळकांच्या मोटारसायकलवर मागं बसून गेल्या. गल्लीतले लोक माझ्याभोवती गोळा झाले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी आमचं कधी करताय म्हणून विचारलं. मी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही.

रात्री जेवताना शीतलनं विचारलं, "पास झालं का?"

तेव्हा मला कळलं की तो कागद मी अजून उघडलाच नव्हता. पाच महिने ज्या कागदाची मी वाट बघत होतो, तो दुपारपासून खिशात चुरगळत होता. उघडला. गोल, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "पहिल्या चाचणीत इन्व्हर्टर थांबला नाही. कारण शेजारची वायर. ती काढल्यावर थांबला. पास." त्याखाली सही होती, आणि सहीच्या खाली, फॉर्ममध्ये तशी जागा नसताना, आणखी एक ओळ, "काम चांगले आहे. विचारायचे राहिले."

"अगं, पास," मी म्हणालो. शीतलला वाटलं, आनंदानं माझे डोळे भरून आलेत. मीही तसंच सांगितलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतल्या पुढच्या घरी गेलो, ते डिजिटल मीटर घरीच विसरून. कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभराचा पिवळा बल्ब घेतला होता. घरमालक गच्चीची किल्ली घेऊन तयार होते. मी पायरीवर बसलो, पाणी मागितलं आणि विचारलं,

"काका, तुमच्याकडं लाईट गेली की तुम्ही काय करता?"

काका ओशाळं हसले. "आता तुमच्यापासून काय लपवायचं," म्हणाले, आणि मला देवघरामागच्या भिंतीकडं घेऊन गेले.